बिनकामाची स्वारी

आमच्या इंझोरीत कामाशिवाय गाव सोडणारा एकच माणूस होता. बाकीचे लोक बाजाराला जात, कोर्टात जात, लग्नामयताला जात. दौलतबापू मात्र दरसाल पोळा झाला, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा असतानाच, घोडीवर खोगीर चढवायचे आणि आठवडाभर निघून जायचे. कुठं? तर कुठंच नाही. वेशीपाशी कोणी विचारलंच, "काय बापू, काय काम काढलं?" तर ते लगाम ओढून घोडी थांबवत, विचारणाऱ्याकडे नीट बघत आणि घरात बारसं असल्यासारखं तोंड करून सांगत, "काम? काईच नाही!"

ही गोष्ट इंग्रजांच्या अमदानीतली. रस्त्यावर मोटार दिसली तर पोरं तिच्यामागं गाव सोडून पळायची, तेव्हाची. मी बापूंचा शेजारी, धंद्यानं शिंपी. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती आणि बापूंचा आवाज असा, की त्यांनी घोडीला हाक मारली तर माझ्या हातातली सुई थांबायची.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका साहेबापायी. तरुणपणी बापू जंगल खात्यातल्या एका साहेबाला वाटा दाखवत रानोमाळ हिंडले होते. साहेब आयरिश होता. त्याला कोणी इंग्रज म्हटलं की तो असा लाल व्हायचा, की बापूंनाही पुढं आयुष्यभर तो अपमान सहन झाला नाही. "इंग्रज नाही गा, आयरिश," ते आम्हाला दटावत. आम्हाला दोन्ही सारखेच. तर या साहेबानं सांगितलं, की आमच्या देशात लोक घोडा घेतात आणि आठ-आठ दिवस निघतात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दगडी बांध, हिरवीगार कुरणं आणि वरून पावसाची भुरभुर. संध्याकाळी जे घर लागेल तिथं उतरायचं, चहा प्यायचा, उकडलेले आलू खायचे, गप्पा मारायच्या, सकाळी पुढं. बापूंनी विचारलं, "किस काम के वास्ते, साब?" साहेब म्हणाला, "कोई काम नहीं."

त्यानंतर बापूंचं लग्न झालं, शेती अंगावर आली, बायको देवाघरी गेली, एकुलती एक मुलगी सासरी गेली. पण ते 'कोई काम नहीं' काही त्यांच्या मनातून गेलं नाही. "गंगाराम," ते मला म्हणत, "आपन घोड्यावर कवा बसतो? कोनी मेलं म्हून, नाही तं कोनी बलावलं म्हून. घोड्याले बी वाटत अशीन ना गा, का हा मानूस मले कधी तं सोबतीले म्हून नेईन!"

मुलगी सासरी गेल्यावर ही स्वारी सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षी बापू माझ्याकडे बिरजीस शिवायला आले. बिरजीस म्हणजे साहेबलोकांची घोड्यावर बसायची विजार. मी ती जन्मात पाहिली नव्हती आणि बापूंनी पाहून पंचवीस वर्षं झाली होती. त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं, "वरतं सुपासारखी पायजे, अन् खालतं नळीसारखी." मी जाड खादीची तशी शिवली. ती घालून बापू बाहेर आले तेव्हा पारावरची सगळी मंडळी उठून उभी राहिली, आणि ते आदरानं नव्हे. बापूंनी मात्र पाय फाकवून दोन येरझाऱ्या घातल्या आणि म्हणाले, "हसा, हसा. सायबाले बी हसत होते लोक. पन घोड्यावर बसला का चूप!"

आता खरं सांगायचं तर बापू घोड्यावर फारसे बसतच नसत. त्यांच्या घोडीचं नाव सगुणा. चढण आली की बापू उतरायचे, कारण सगुणेला दम लागतो. उतार आला की उतरायचे, कारण सगुणेला भीती वाटते. चिखल आला की उतरायचे, कारण चिखलात तिला पाय टाकायला आवडत नाही. आमच्या मानोऱ्याकडच्या टेकड्यांत चढ, उतार आणि चिखल यांखेरीज चौथं काही नसतं. त्यामुळे आठवडाभराची ही घोड्यावरची सुटी बापू बहुतेक पायीच करत. पण बिरजीस अंगावर आणि लगाम हातात असला, म्हणजे ती स्वारीच.

एका वर्षी मात्र ते खरोखर घोड्यावर असताना पडले. खांदा निखळला, दोन महिने हात गळ्यात. त्यांचे धाकटे भाऊ किसनराव, ज्यांच्या घरात बापू राहत, ते मोठे प्रेमळ पण धाकाचे गृहस्थ. पुढच्या पोळ्याला त्यांनी बापूंना काही म्हटलं नाही, मला बोलावून घेतलं.

"गंगाराम, यंदा तू संगं जाजो. अन् आल्यावर मले खरं सांगजो. बापू पुन्हा पडले, तं घोडी मी शेलूबाजारात देऊन टाकन. मंग थे स्वारी बी बंद अन् थे सुपासारखा पायजमा बी बंद."

"पन मले घोड्यावर बसता येत नाही, दादा."

"त्याले कोठी येते?" किसनराव म्हणाले.

हे बोलणं बापूंनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तरी निघताना ते मला इतकंच म्हणाले, "बरं झालं तू आला. सायबाच्या देशात बी दोघंतिघं मिळूनच जातात." माझ्यासाठी एक भाड्याचं तट्टू आणलं होतं. ते मला घेऊन निघालं, इतकंच म्हणता येईल.

पण काय दिवस होते ते! ज्वारी कमरेएवढी, कपाशीला पात्या धरलेल्या, बांधाबांधाला तरोट्याची पिवळी फुलं आणि आभाळ असं खाली आलेलं, की टेकडीवर उभं राहिलं तर टोपी ओली व्हावी. बापू दर वळणावर थांबत. "पाह्य, पाह्य. हेच आयर्लंड!" मी विचारलं, समुद्र कुठं आहे? त्यांनी धुक्याकडं बोट दाखवलं. "त्याच्या मांगं अशीन. आपल्याले कोठी पाह्याचा हाय?"

पहिला मुक्काम एका तांड्यावर होता. तांड्याचा नाईक बापूंच्या जुन्या ओळखीचा, पण त्याची बायको नवी होती. बापूंनी गेल्या गेल्या सांगितलं, "आधी सगुणेची वेवस्था पाहा. लय दमली हाय बिचारी. तिले ओल्या जागेवर बसाची सवय नाही." त्या माउलीनं घरात कोपऱ्यात गोधडी अंथरली, तांब्या भरून ठेवला, आणि कुंकवाचा करंडा घेऊन दारात सगुणाबाईंची वाट बघत उभी राहिली. घोडी दिसल्यावर ती जी हसायला लागली, ती आम्ही जेवायला बसेपर्यंत हसत होती. जेवायला बापूंनी झोळीतून आलू काढून दिले. ते नुसते उकडायचे, वर मीठ, बाकी काही नाही. साहेबाचा नेम. नाईक एक खाऊन म्हणाला, "बापू, हे खाऊनच थो सायब आपला देश सोडून आला अशीन." बापूंनी आपली तिखट भाजी पुढं ओढली आणि आलू त्यांनीही खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवसाचा प्रकार माझ्या जिवावरच बेतला होता. एका गावात पाटलाच्या ओसरीवर आम्ही उतरलो. एक वडीलधारा माणूस, बरोबर एक तरणा, दोघं घोड्यांवर, परगावचे, आणि म्हणतात काय, तर काही काम नाही. पाटलानं डोळा बारीक केला. "समजलं," तो म्हणाला. "पयल्या दिवशी कोनी सांगत नाही." आणि आत निरोप गेला. थोड्या वेळानं पोहे आले. मग माझे पाय धुवायला गरम पाणी आलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण पोह्यांवर ओलं खोबरं होतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतले, तोच डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी सुपारीचं ताट घेऊन आली आणि पाटावर बसली.

मी बापूंकडे पाहिलं. बापू खुशीत होते. त्यांनी मुलीला नाव विचारलं, स्वयंपाक विचारला, घोड्याला भितेस का विचारलं. ती म्हणाली, "घोडा कायले, मी सांडाले बी भेत नाही." बापूंनी मांडीवर थाप मारली. "पोरगी लाख हाय पाटील!" मग माझ्याकडं वळून, "पन याच्या घरी एक हाय अन् तिच्या कडेवर एक हाय."

मुलगी ताट तिथंच ठेवून आत गेली. मला वाटलं आता आपलं तट्टू आपल्याला कधी नव्हे ते वेगानं नेणार. पण बापू उठले, पाटलाच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मी मंगाच सांगतलं होतं, काम नाही म्हून. पन आता तुमी काम देल्लंच हाय तं करून टाकतो." आणि खरोखर, घरी आल्यावर महिन्याभरात त्यांनी त्या मुलीला मंगरूळपीरकडचं एक चांगलं स्थळ सुचवलं. ते जमलंही. दरसाल त्या वाटेवर असं कोणाचं ना कोणाचं काम बापू करून यायचे आणि वेशीवर आल्यावर पुन्हा सांगायचे, काम काहीच नव्हतं.

आणि मग ते पडले.

शेलूबाजारच्या अलीकडं एक नाला लागतो. पाणी गुडघ्याएवढंच, पण काठ निसरडा. त्या सकाळी बापू कशानं तरी घाईत होते. उतरले नाहीत. घोडीचा पाय सरकला आणि ते बाजूला चिखलात आडवे. मी धावलो. हाड मोडलं नव्हतं. बिरजीस मात्र मांडीपासून गुडघ्यापर्यंत उसवली होती. मी टोपीत खोवलेली सुई काढली आणि त्यांना दगडावर बसवून तिथंच टाके घालायला लागलो.

"किसनले सांगशीन?" त्यांनी विचारलं.

"सांगा लागन, बापू. शब्द देल्ला हाय. अन् उद्या काई झालं तं?"

त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "सांगजो. पन एक गाव राह्यलं हाय, थे होऊ दे."

सगुणा पाण्याकडं मान ओढत होती. ज्या घोडीला शिंक आली तरी बापू झूल घालायचे, तिचा लगाम त्यांनी मागं खेचला. "आता नोको, माय. जरासं थांब." मला नवल वाटलं.

ते गाव म्हणजे त्यांच्या लेकीचं, सुभद्रेचं सासर. नाल्यापासून जवळच. बापू अंगणात शिरले आणि तिथंच, एका दगडावर बसले. ओसरीची पायरी चढले नाहीत. आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही. ज्यानं ही रीत घातली, त्याला ती वर्षा-दोन वर्षांची गोष्ट वाटली असेल. सुभद्रेच्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. अंगणात एकही लहान मूल नव्हतं.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाप सणावाराशिवाय, निमंत्रणाशिवाय लेकीच्या दारात आला, तर गाव लगेच म्हणतं की पोरीनं काही गाऱ्हाणं केलं असेल, नाही तर सासरचे काही बोलले असतील. पण सुपासारखी विजार घालून बिनकामाचा हिंडणारा एक खुळा म्हातारा वाटेत गाव लागलं म्हणून घोडी घेऊन अंगणात आला, तर त्याला कोण काय म्हणणार?

सुभद्रेच्या सासूबाईंनी मला ओसरीवर बसवलं. माझ्यावर बंधन नव्हतं. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगांची भाजी, भाकर, कढी असं ताट आलं. बापू अंगणातून माझ्या तोंडाकडं बघत होते.

"कशी हाय भाजी?"

"चांगली हाय, बापू."

"चांगली म्हंजे कशी? लसून ठेचून टाकला का चिरून?"

"ठेचून."

"कढी पातळ हाय का दाट? गूळ हाय का तिच्यात?"

"बापू, मले खाऊ तं द्या!"

दाराआड सुभद्रा उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि ती हसत होती. उंच, बापूंसारख्याच नाकाची बाई. मग ती बादली भरून घेऊन अंगणात आली आणि सगुणेपुढं ठेवली. "पी व माय. लय दुरून आली." घोडी तहानलेलीच होती. तिनं तोंड बुडवलं ते वर काढलंच नाही. ती घोट घेत होती आणि लगाम धरून उभ्या असलेल्या बापूंचा कंठ तिच्याबरोबर हालत होता. बापलेक बोलले ते इतकंच. पाऊस कसा, कपाशी कशी, किसनकाका कसे. ती घोडीच्या मानेवरून हात फिरवत होती, आणि तिचा हात थांबला की बापू काही तरी नवं विचारत होते.

निघताना तिनं घोडीचा तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची खुराकाची पिशवी, मागितला. "सगुणेचा खुराक भरून देतो, बाबा." तोबरा आत गेला आणि जड होऊन परत आला. घोडीला तोबऱ्यात हरभरा देतात हे मला माहीत होतं. पण त्यातून गरम भाकरीचा आणि ताज्या ठेच्याचा वास येत होता. ठेचा खाणारी घोडी मी तोवर पाहिली नव्हती.

गावाची शीव ओलांडून नाल्यावर आलो, तेव्हा बापूंनी मला थांबवलं. तोबऱ्यातून फडकं काढलं, सोडलं. वरची भाकर त्यांनी सगुणेला दिली. ती तिनं निवांत खाल्ली. मग बापू हातपाय धुऊन दगडावर मांडी घालून बसले आणि उरलेलं आपल्यापुढं ओढलं.

"हे आता सगुणेचं हाय," ते मला म्हणाले. "घोडीचं उष्टं खाले कोनाची ना नाही."

"दरसाल?"

"दरसाल."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बापू, आता हे रीतभात कोन पाह्यते? इथं नाल्यावर बसून खाता, त्यापरीस तिच्या घरी चार घास खाल्ले असते, तं काय बिघडलं असतं?"

बापूंनी घास गिळला. "पाह्यते ना. सुभी पाह्यते. मी तिच्या वसरीवर बसून पानी पेलो, तं तिले वाटंन, बापानं बी आस सोडली. लोकाईनं सोडली तं सोडू दे गा. मी कायले सोडू?" मग भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून त्यांनी चव घेतली. "मीठ कमी हाय. तिची माय बी असंच कमी टाके."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. आयर्लंड कुठं असतं, तिथं लोक काय खातात, मला ठाऊक नाही. पण त्या घटकेला बापूंइतका मोठा माणूस मी पाहिलेला नव्हता. मी उसवलेल्या जागी आणखी चार टाके घातले आणि चिखलाचे डाग नाल्यावर चोळून काढले.

घरी आल्यावर किसनराव दारातच उभे होते. "पडले का?"

"मी पडलो. दोनदा," मी म्हणालो. ते खरंच होतं. त्यांनी बापूंचं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "थे कायले पडतीन?" आणि माझ्या घरात शिरलो. शब्द मोडल्याचं मला त्या रात्रीही वाईट वाटलं नाही.

नंतर बरेच पोळे मी त्यांच्याबरोबर गेलो. सुभद्रेला मूल झालं नाही. सगुणा म्हातारी होत गेली आणि एका उन्हाळ्यात गोठ्यातच गेली. किसनरावांनी दुसरी घोडी घेऊन देतो म्हटलं, बापू नको म्हणाले. मला वाटलं, संपलं.

पण पोळा झाला आणि सकाळी बापू माझ्या दारात उभे. बिरजीस अंगात, हातात काठी, आणि खांद्यावर सगुणेचा रिकामा तोबरा. मी चपला घातल्या. तांडा, पाटलाची ओसरी, टेकड्या, सगळं आम्ही पायी केलं. वाटेत ज्यानं विचारलं त्याला बापूंनी सांगितलं, काम काहीच नाही. पण आवाज लहान झाला होता.

सुभद्रेच्या अंगणात ते नेहमीच्या दगडावर बसले. घोडी मेल्याचा निरोप तिला केव्हाच पोचला होता, मीच तो धाडला होता. ती बाहेर आली. तिनं बापूंकडं पाहिलं, खांद्यावरच्या तोबऱ्याकडं पाहिलं, मग रिकाम्या फाटकाकडं.

"सगुणा कुठी हाय, बाबा?"

बापू खाली बघत म्हणाले, "नाल्यापाशी बांधली. दमली हाय."

तिनं तोबरा घेतला. आत गेली. बराच वेळ भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग ती भरलेला तोबरा घेऊन आली, बरोबर पाण्याची भरलेली चरवीही आणली, आणि दोन्ही बापूंच्या हातात दिलं.

"तिले म्हना, सावकाश खाय. अन् पानी बी पेजो म्हना, आमच्या विहिरीचं हाय."

बापूंनी मान हलवली. चरवीतलं पाणी सांडू नये म्हणून आम्ही हळूहळू नाल्याकडं निघालो.